आप्पांची इटाली

आमच्या टिळकवाडीतल्या अपार्टमेंटच्या जिन्यात तळमजल्यावरचे आप्पा भेटले की आधी गाणं, मग नमस्कार. वाट अडवून म्हणणार, "बाई, ह्ये ऐकलंय काय कधी? टुडुं टुडुं ढिश्, टुडुं टुडुं ढिश्!" मी नाही म्हटलं की स्वारी खूष. "कुठनं ऐकणार! इटालीतबी कुणी ऐकलेलं न्हाय!"

आप्पा मूळचे येळ्ळूरचे. मच्छे गावातल्या एका कारखान्यात फिटर होते. तरुणपणी तिथं एक मशिन बसवायला इटलीहून मेकॅनिक आला होता. त्याच्याजवळ टेपरेकॉर्डर आणि पिशवीभर कॅसेट. दोघांना एकमेकांची भाषा येईना, म्हणून दिवसभर टेपच बोलायचा. मशिन बसलं, पाहुणा गेला, कॅसेटही गेल्या. आप्पांच्या डोक्यात सूर तेवढे राहिले. गाण्यांची नावं ठाऊक नाहीत, गाणाऱ्यांची त्याहून नाहीत.

निवृत्तीनंतर हातात मोबाइल आला आणि आप्पा शोधाला लागले. डिस्को, तेही इटलीतलं, आणि त्यातही तिथल्या लोकांनीच अडगळीत टाकलेलं! जगाच्या पाठीवर कुणीतरी जुनी तबकडी पुसून नेटवर चढवतो आणि आप्पा इकडं टिळकवाडीत तिची वाट बघत बसलेले असतात.

त्यांच्या लेखी संगीताच्या दोनच जाती. 'इटाली' आणि 'आकाशी'. इटाली म्हणजे ठेक्याचं. आकाशी म्हणजे संथ, मधूनच रॉकेट सुटल्यासारखे आवाज येणारं, जेवल्यावर आडवं होऊन ऐकायचं. गाणी इटलीतली, पण शब्द इंग्रजी; ते कळतात का म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "त्यास्नी इंग्लिश येत न्हाय, मलाबी येत न्हाय. म्हणून तर जमलंय आमचं!"

इथवर सगळं गमतीचं होतं. पण गेल्या वर्षी त्यांच्या घरातून रोज सकाळ-संध्याकाळ धप-धप सुरू झालं. वरच्या मजल्यावर मांडणीतल्या ताटल्या हलायला लागल्या. सोसायटीची सेक्रेटरी मी, तेव्हा तक्रार घेऊन मीच गेले. आप्पांनी हात जोडले. "बारीक करतो बाई. बंद कर म्हणून मातर सांगू नगासा." कारण काही सांगेनात. मी चिडूनच परत आले.

कारण कळलं ते निपाणीला, त्यांच्या नातीच्या लग्नात. आम्ही एकाच गाडीतून गेलो होतो. आप्पांच्या मंडळी, आमच्या सगळ्यांच्या आक्का, यांना कंपवात आहे. 'नातीवर अक्षता टाकायला मी माझ्या पायांनी जाणार' असा त्यांचा हट्ट होता. अंगणातून चांगल्या चालत आल्या आणि हॉलच्या दारातच त्यांचे पाय थांबले. जमिनीला चिकटवल्यासारखे. आत अंतरपाट धरलेला, भटजी माइक हातात घेऊन घसा साफ करताहेत आणि आक्कांचं पाऊल काही उचलेना. चेहरा रडवेला झाला. जावयांनी खुर्ची आणली. "बसा, उचलून नेतो." दुसऱ्या कुणी दंड धरून ओढलं, तसा त्यांचा तोल गेला.

"वडू नगासा तिला!" आप्पा ओरडले. "कुणीबी हात लावू नगासा! बाई, तुमी हितं उभ्या ऱ्हावा." आणि आक्कांना माझ्यावर सोपवून ते चक्क पळत सुटले. मला वाटलं, माणूस घाबरून बावचळला. ते गेले थेट स्पीकरवाल्याकडं. हातातला मोबाइल त्याच्यापुढं धरून कानडीत म्हणाले, "अण्णा, इदन्न हाक्रि! लगू हाक्रि!" म्हणजे, हे लावा, लवकर लावा.

पुढच्याच क्षणी मंगलाष्टकांच्या स्पीकरमधून धप! धप! धप! धप! सगळा हॉल दचकून मागं वळला. भटजींनी माइक खाली केला. आप्पा धावत परत आले, आक्कांच्या समोर उभे राहिले आणि जागच्या जागी पाय आपटायला लागले. "चल गं. डावा. उजवा. डावा."

आक्कांनी डावा पाय उचलला. मग उजवा. उंबरा ओलांडला. आप्पा त्यांच्यापुढं उलटे चालत होते, कोट घातलेले, घामाघूम. मंडपापर्यंत सगळ्यांनी वाट करून दिली. आक्कांनी मूठ भरून अक्षता घेतल्या, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. भटजींचा अंगठा तर अजून ठेका धरून होता.

"डॉक्टर म्हणालते, ठेका असला की पाय सुटत्यात," जेवताना आप्पांनी सांगितलं. "भजन लावून बघितलं. पर मानूस वाजवणार म्हंजे लय कमीजास्त हुणारच. इटालीचा ठेका मशिनचा हाय बाई, दमत न्हाय. रोज दोन येळा चालवतो तिला घरात."

परतताना संकेश्वरच्या पुढं आक्का आप्पांच्या खांद्यावर झोपून गेल्या. ड्रायव्हरनं विचारलं, "आप्पा, गाणं लावू?"

"नगं. निजलीया."

ते खिडकीबाहेर उसाकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, "बाई, ती दारात थांबली न्हवं, तवा माझंच पाय गेलतं. ही चालली, मग मी चाललो."

एवढं बोलून त्यांनी खांदा जरा खाली केला, आक्कांची मान अवघडू नये म्हणून.