विलासभावजींचा चौथा

माझे वडील गेले तेव्हा विलासभावजी भेटायला आले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचे वडील म्हणजे चौथा."

घरात दहाव्या-तेराव्याची बोलणी चालली होती. लालबागच्या आत्याने लगेच कान टवकारले. चौथा कसला, आमच्यात नसतो, तुमच्यात असतो का, असं तिने त्यांनाच विचारलं. भावजी म्हणाले, तसं नाही हो आत्या, चौथा म्हणजे सगळ्यात वरचा, त्याच्यावर काही नाही. आत्याला काय कळणार, कपाळ! पार तेराव्यापर्यंत ती मला विचारत होती, की त्या चौथ्याला जेवायला काय करतात ग?

मला अर्थ कळला होता, पण तेव्हा तो सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. तसं या विषयावर बोलायचं त्राण माझ्यात कधीच नसतं. तरी सांगते.

एक विलायती बँड आहे. नाव लिहीत नाही, लिहिलं तर उच्चारावरून आमच्या घरात नवा वाद सुरू होईल. त्यांची गाणी भयंकर लांब. भाताचा कुकर लावून, उतरवून, वरणाला फोडणी दिली तरी गाणाऱ्याने अजून तोंड उघडलेलं नसतं. या लोकांचे बरेच अल्बम आहेत आणि त्यांतला सगळ्यात श्रेष्ठ कोणता, यावर आमचे हे, ह्यांचे कॉलेजातले मित्र विलासभावजी आणि दादरचे पिंटो, असे तिघं माझ्या लग्नाच्या आधीपासून भांडताहेत. अल्बमला नावं आहेत म्हणे, पण हे नंबरानेच बोलतात. ह्यांचा सहावा. पिंटोचा पहिला. भावजींचा चौथा. मी आठवडाभर परळच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, आणि रविवारी हे तिघं प्रभादेवीला माझ्या हॉलमध्ये बसून माझं आटवतात.

बाकी दोघं निदान बँडपुरतं तरी भांडतात. भावजींना सगळं जगच नंबरात दिसतं. माझे पोहे एकदा "पाचवा" ठरले. म्हणजे चांगले, पण शेवटी घाई झालेली. त्यांच्या करी रोडच्या चाळीच्या जागी टॉवर झाला, त्याची लिफ्ट "नववा", म्हणजे नुसता दिखावा. सातवा ही शिवी आहे, तो बँडने पैशासाठी काढला होता. लग्न का नाही केलंत, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, स्थळं आली हो वहिनी, पण सगळी सातवी. त्या बिचाऱ्या मुलींना भावजी कितवे वाटले असतील, हे कुणी विचारलं नाही.

दर रविवारी ते कापडी पिशवी घेऊन येतात. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला जुना टेपरेकॉर्डर आणि चौथ्याची कॅसेट. तरुणपणी पिंटोच्या काकांकडून त्यांनी एका दिवसापुरती ती रेकॉर्ड आणि प्लेअर आणला होता. चाळीतल्या खोलीत प्लेअर लावायचा, समोर टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि घरातल्यांना तोंडावर बोट ठेवून बसवायचं, असं ते रेकॉर्डिंग. त्या कॅसेटवरूनच ह्यांनी आणि पिंटोने आपापल्या कॉप्या करून घेतल्या.

चौथा श्रेष्ठ का? तर त्याच्या पहिल्या बाजूच्या शेवटासाठी. तिथे म्हणे ऑर्गन हळूहळू विझत जातो, मग लांबून एक घुमणारा आवाज येतो, तो वाढत वाढत सगळं गिळून टाकतो, मग माणसाचा खोकला, आणि दाराची कडी. संपलं. तो आवाज कोणत्या वाद्याचा, यावर दोन पावसाळे वाद झाला. पिंटो सिंथेसायझर म्हणतो, हे म्हणतात ऑर्गनचीच खालची पट्टी. दाराबद्दल मात्र एकमत होतं. पिंटोने फार पूर्वी सांगून टाकलं होतं, "दरवाजा म्हणजे डेथ रे. माणूस दुनियेतून जातो आणि जाताना दार ओढून घेतो." भावजी यावर मान हलवायचे, जास्त बोलायचे नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, फोनवर सगळी गाणी मिळतात, मूळ अल्बम ऐकला नाही का कुणी? नाही ऐकला. इतकी वर्षं बघून सांगते, हे वाद घालणारे फक्त आपापलाच ऐकतात. ह्यांना चौथा आवडत नाही, मग ते कशाला लावतील? आणि भावजींना कुणी सुचवलं, की ते म्हणायचे, माझी कॅसेट आहे ना. ती लागली, की मी आत जाऊन स्वयंपाकघराचं दार लावायची आणि एक्झॉस्ट फॅन सुरू करायची. इतक्या वर्षांत तो थोर शेवट मी एकदाही ऐकला नव्हता.

यंदा हे रिटायर झाले आणि मुलीने ह्यांना नवा रेकॉर्ड प्लेअर दिला. ह्यांनी काय करावं? कुठून तरी शोधून चक्क चौथ्याचीच रेकॉर्ड आणली. भावजींना खूश करायला आणली म्हणाले, पण खूप वर्षांची खाजही होतीच. त्या रविवारी मला मुद्दाम बाहेर बोलावलं. माझे गुडघे दुखत होते, बसायला मिळतंय तर बसले.

भावजींचं त्या दिवशी काहीतरी बिनसलं होतं. आल्याआल्या म्हणाले, आज राहू दे, सुई नवी आहे. मग म्हणाले, पंख्याचा आवाज येतोय. मग चहा मागितला. त्यांनी स्वतःहून चहा मागितलेला मला आठवत नाही. शेवटी ह्यांनी सुई ठेवलीच.

बाजू वाजत गेली. मला पेंग आली. ऑर्गन विझत गेला, विझला, आणि मग काहीच नाही. नुसती सुईची खरखर. आवाज नाही, खोकला नाही, कडी नाही.

हे ताडकन उठले. इतका आनंद मी ह्यांच्या तोंडावर मुलगी झाली तेव्हा पाहिला होता. कुठाय तुझा शेवट, कुठाय तो आवाज, म्हणून भावजींच्या समोर नाचायचेच बाकी राहिले. पिंटो बिचारा रेकॉर्ड उलटी करून बघत होता. भावजी म्हणाले, छपाई वेगळी असेल. ते इतकं हळू म्हणाले, की मलाच कसंतरी झालं. हे तरी सोडतायत होय? म्हणाले, लाव तुझी कॅसेट, आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष.

भावजींनी टॉवेल सोडला. कॅसेट पुढे पळवून शेवटावर आणली, त्यांना जागा बरोबर माहीत. ऑर्गन चिरका येत होता. मग लांबून तो आवाज आला.

मी सोफ्यावरून उठून उभी राहिले. का उठले ते आधी मलाच कळेना. हात डबा शोधत होता. लालबागला आमच्या घरी हा आवाज झाला, की आई डबा भरून माझ्या हातात द्यायची आणि मी तो दारात चप्पल घालणाऱ्या बाबांना द्यायची. रोज. आमचे हे ठाकूरद्वारचे, पिंटो दादरचा, त्या आवाजावर चालणारं घर दोघांना काय माहीत असणार?

"अहो, हा गिरणीचा भोंगा आहे," मी म्हणाले.

तेवढ्यात टेपमध्ये माणूस खोकला आणि कडी वाजली. भावजींनी बटण दाबून टेप बंद केला.

हे हसायला लागले होते. इतकी वर्षं तुला माहीत नव्हतं, विल्या? अरे, खिडकी उघडी होती तुझी!

"माहीत होतं रे," भावजी म्हणाले. "दुपारच्या पाळीचा भोंगा. आणि खोकले ते आमचे तात्या."

मग ते माझ्याकडे बघून सांगत राहिले. तात्या, म्हणजे त्यांचे वडील, कायम दुपारच्या पाळीला. भावजी कॉलेजातून यायचे तेव्हा तात्या गेलेले, आणि तात्या यायचे तेव्हा भावजी झोपलेले. त्या दिवशी रेकॉर्डिंगसाठी कॉलेज बुडवलं होतं. तात्यांना गप्प बसा म्हटलं होतं, तर ते काही न बोलता उठले आणि कामावर गेले. पुढे संप झाला, तात्या गावी गेले, तिकडेच संपले. फोटो आहे एक. आवाज एवढाच.

ह्यांचं हसू कधीच मावळलं होतं. अरे मग सांगायचंस ना, असं ते पुटपुटले.

"सांगून काय झालं असतं, सत्या? माझा बाप खोकतोय, ऐका, म्हटलं असतं, तर एकदा ऐकलं असतं तुम्ही. चौथा श्रेष्ठ म्हटलं, म्हणून दर रविवारी गप्प बसून ऐकलंत."

मी आत गेले आणि ओट्याला धरून चक्क रडले. भावजी माझ्या वडिलांना चौथा म्हणाले होते, आणि मी तेव्हा मनात म्हटलं होतं, ह्या माणसाला प्रसंग तरी कळतो का! माझे बाबाही त्याच भोंग्यावर जायचे. भावजींना ते माहीत होतं.

आठवडाभर ह्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मला म्हणाले, या रविवारी सरळ मान्य करून टाकतो, चौथाच श्रेष्ठ. मी म्हटलं, खबरदार. मान्य केलंत तर उद्यापासून ते कॅसेट कशाला आणतील?

रविवारी भावजी आले. पिशवी होती, पण ती त्यांनी दाराशीच चपलांजवळ ठेवली. चहा झाला, पावसाचं झालं, गुडघ्यांचं झालं. मग आमच्या ह्यांनी घसा साफ केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काही म्हण विल्या, सहाव्याची सर तुझ्या चौथ्याला नाही."

भावजींनी ह्यांच्याकडे पाहिलं. मग उठले, दाराशी गेले आणि पिशवी घेऊन आले. मी आत जाऊन एक्झॉस्ट फॅन बंद केला. कुकरखालचा गॅसही घालवला, नाहीतर नेमकी मध्येच शिट्टी झाली असती.