भिंतीपासून मोजणी

मोजणीदार तीस वर्षं जमीन मोजत होते. त्यांच्या मापावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं. मोजणी हद्दीच्या दगडापासून सुरू करायची, हा नियम. पण आमच्या सात घरांच्या ओळीच्या तोंडाशी बंगला असलेले साहेब निवडून आले, त्यांनी बंगल्याची भिंत चार फूट पुढे घेतली आणि दगड आत गेला. फाटकावर कुत्रा. मोजणी कुठूनतरी सुरू व्हायलाच हवी म्हणून मोजणीदारांनी ती भिंतीपासून सुरू केली.

आणि काय सांगावं, सगळं बिनबोभाट पार पडलं! ओळीतल्या प्रत्येकाचे अंगणातले चार फूट एका बाजूने गेले आणि पलीकडच्या शेजाऱ्याकडून तेवढेच मिळाले. तक्रार कोण करणार? सहाव्या घरात राहणाऱ्या मोजणीदारांनी तर मिळालेल्या जागेत न्हाणीघर बांधलं. फक्त सातव्या, टोकाच्या इस्त्रीवालीची हद्द रस्त्यात निघाली. रस्त्यात हद्द म्हणजे अतिक्रमण. तिला नोटीस आली.

"भाऊ, भिंत सरकलीय हो!" ती रडकुंडीला येऊन मोजणीदारांना म्हणाली.

"ताई, भिंत सरकली असती तर मापात आली नसती का?"

"पण माप भिंतीपासूनच घेता ना तुम्ही?"

"मग काय हलणाऱ्या वस्तूपासून घेऊ?"

तिचं घर पाडलं. जागेवर रस्ता रुंद झाला, आणि साहेबांनी त्याचं उद्घाटन केलं.

पुढच्या निवडणुकीत साहेब पुन्हा आले, भिंतही आणखी चार फूट पुढे आली. आता टोकाचं घर मोजणीदारांचं. त्यांनी स्वतःच टेप धरली. न्हाणीघरासकट चार फूट रस्त्यात.

"अहो, एकदा तरी खोटं माप घ्या!" बायको कळवळून म्हणाली.

"खोटं? इतक्या वर्षांत एक इंच खोटा नाही घेतला मी!" मोजणीदारांना ते फार लागलं. पण घर जाणार होतं. भिंत सरकल्याचा अर्ज लिहून ते सहीसाठी दारोदार फिरले. चार दारं मिळाली ती बंद. पाचवं उघडलं. तो शेजारी अर्ज वाचून हळहळला.

"सही दिली असती हो काका. पण भिंत सरकली असती तर तुमच्या मापात आली नसती का?"

हा पाचवा शेजारी म्हणजे अस्मादिकच. काकांचं घर पाडलं, त्यांचे चार फूट आम्हाला मिळाले, तिथं बांधलेलं आमचं न्हाणीघर छान झालंय. परवापासून प्रचाराची गाडी फिरतेय, तेव्हापासून झोप तेवढी लागत नाही.

तुमचं घर ओळीत कितवं?