गल्लीवरचे दोन चंद्र

श्रद्धेने केलेल्या कर्माचे फळ कर्त्याच्या भावानुसार मिळते, असे शास्त्रकार सांगून गेले आहेत. परंतु ज्या देवतेला अर्घ्य द्यायचे, ती देवताच कोणी भाड्याने आणून क्रेनला टांगली असेल, तर दोष कोणाचा, याविषयी त्यांनी मौन पाळले आहे. रायपुरास राजधानीपद लाभल्यानंतर सदर बाजारामागच्या एका गल्लीत हा प्रश्न उपस्थित झाला.

जुन्या लाकडी सज्ज्यांमुळे ती गल्ली सिनेमावाल्यांना फार प्रिय होती. कधी ती खेडे होई, कधी कोतवाली. रेल्वेतून निवृत्त झालेले श्यामराव एकदा भाजी घेऊन परतले, तो त्यांच्याच दारावर प्रसूतिगृहाची पाटी! "अंकल, शॉट चल रहा है," असे सांगून एका मुलीने त्यांना पायरीवर बसवले, आणि पुढे त्या चित्रपटात ते चिंताग्रस्त आजोबा म्हणून दिसले.

त्या दिवशी मात्र युनिट पलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे शेजारच्या मोहल्ल्यात, असल्याचे कळल्याने गल्ली निश्चिंत होती. संकष्टी होती. सिलतऱ्याच्या कारखान्यात श्यामरावांच्या मुलाचा, नीलेशचा, पाय मोडला, तेव्हा त्याच्या आईने, इंदूबाईंनी, वर्षभराच्या संकष्ट्या बोलल्या होत्या. पाय बरा झाला, नीलेश पुन्हा कामावर जाऊ लागला, आणि आजची चतुर्थी शेवटची. आज खंड पडला, तर व्रत पहिल्यापासून.

दिवसभर स्वयंपाकघरात मोदक वळून इंदूबाई संध्याकाळी गच्चीवर आल्या आणि थबकल्या. समोरच्या छपरांवर मोठा, दुधासारखा, वाटोळा चंद्र तरंगत होता. खालून विरळ धूर येत होता आणि त्यात सारी गल्ली स्वप्नात बुडाल्यासारखी दिसत होती.

"अहो, चंद्र उगवला!"

"एवढ्या लवकर?" श्यामराव जिन्यातून म्हणाले. "पंचांगात तर अजून वेळ हाय. आन् चतुर्थीले असा पुरा गोल काहून?"

"तुमचं पंचांग ठेवा खाली! देव प्रसन्न झाला तर पुरा देत असन."

त्यांनी ताम्हनात दूर्वा, अक्षता आणि रक्तचंदन घेऊन मनोभावे अर्घ्य दिले. शेजारच्या गच्चीवरून कलावतीबाईंनी ते पाहिले, घाईने हात जोडले आणि लगेच मोदक तोंडात टाकला. इंदूबाईंचा मोदक ओठांपाशी पोहोचला, तोच पलीकडून कर्णा गरजला :

"चाँद दो फुट नीचे लो!"

आणि चंद्र खाली आला.

"थोड़ा बाएँ!"

चंद्र डावीकडे सरकला. इंदूबाईंचा हात हवेतच राहिला.

"इंदूबाई!" कलावतीबाई भरल्या तोंडाने किंचाळल्या. "तुमचं पाहून मी खाल्लं न वं! बुडवलं मले!"

"मले काय माहीत, हे लोक आता चंद्रही आणून राहिले म्हणून!"

नीलेश वर आला. "आई, खा ले ना. भगवान समझते हैं."

"तू गप बस! तुह्याच पायासाठी बसली मी उपाशी."

मोदक ताटात परतला. सारे वाट पाहत बसले. भाड्याचा चंद्र कधी वर जाई, कधी खाली. त्याच्या उजेडात वाळत घातलेले पापडही चांदीचे दिसत. पलीकडच्या गच्चीवर सिनेमाची नायिका तेच विरहाचे वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती आणि ते ऐकून कलावतीबाई उगाच डोळे पुसत होत्या.

बऱ्याच वेळाने, मागच्या बाजूला, पूर्वेच्या टाकीआडून एक तांबूस, कडेला किंचित झिजलेला चंद्र वर आला.

"घ्या, आला तुमचा," श्यामराव समाधानाने म्हणाले. "द्या अर्घ्य."

इंदूबाई जागच्या हलल्या नाहीत. "मी नाही देत. हाही त्याहीचाच असन."

"अवं, हा खरा हाय!"

"मघाचाही खराच दिसत होता. आन् याले तर कोपऱ्यात पोचा पडला हाय. जुना माल असन."

"हव," कलावतीबाईंनी दुजोरा दिला. "मी तर आता टीव्हीवर सांगतल्याशिवाय मानत नाही."

श्यामरावांनी पंचांग आणले, घड्याळ दाखवले, स्वतःची शपथ घेतली. इंदूबाई ढळेनात. भुकेने त्यांचा चेहरा उतरला होता. परंतु मुलाच्या पायाचा नवस दुसऱ्यांदा खोट्या दारी फेडायला त्यांचे मन धजेना.

इतक्यात कर्णा पुन्हा कडाडला.

"अरे, ये दूसरा चाँद किसने जलाया? फ्रेम में आ रहा है! बंद करो उसे!"

पलीकडे धावाधाव झाली. कोणी दोर ओढला, कोणी तार उपटली. प्रथम गोल चंद्र विझला. मग नायिकेवरचे दिवे गेले, मग गल्लीतला सगळा झगमगाट. अंधारात दिग्दर्शक ओरडतच होता, "वो वाला! वो वाला!"

तो वाला तसाच राहिला. झिजल्या कडेसह, शांतपणे, टाकीच्या वर.

इंदूबाईंनी पदर सावरला.

"ज्याले बंद करता येत नाही, तोच आपला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ताम्हन पुन्हा हाती घेतले.

अर्घ्याचे पाणी पडले तेव्हा पलीकडच्या गच्चीवरील माणसेही वर पाहत उभी होती. दिग्दर्शकाने कर्णा खाली ठेवला होता.

"माझं काय वं आता?" कलावतीबाईंनी हळूच विचारले.

"तुमी फसून खाल्लं," श्यामराव म्हणाले. "देव ते धरत नाही. आता भूक लागली म्हणून खा."

ज्यांनी उपवास धरला आणि ज्यांचा चुकून सुटला, त्या दोघींचे कल्याण असो. ज्यांनी पोटासाठी चंद्र टांगला, त्यांच्या घरीही आज ताट गरम असो. आणि दोन्ही चंद्रांखाली राहणाऱ्या त्या गल्लीला शांत झोप लाभो.