अतिथिगृहातील नकाराचा कालावधी

एखाद्या समाजाची सभ्यता मोजायची असेल, तर तिथे नकार द्यायला किती वेळ लावतात ते बघावं. होकार कसाही द्यावा, जिन्यात भेटून दिला तरी लोक झेलतात. नकाराला मात्र बैठक लागते. पाणी विचारावं लागतं, कपाळाला आठ्या घालाव्या लागतात, कुठेतरी फोन लावल्यासारखं करावं लागतं. एवढं केलं की माणूस रिकाम्या हातांनी पण भरल्या मनानं परत जातो. लखनौ या बाबतीत देशात फार पुढे आहे. (आकडेवारी मागितली आहे. बघतो म्हणाले.)

जानकीपुरम विस्तारातल्या एका सरकारी संशोधन संस्थेचं अतिथिगृह हे या कलेचं माहेरघर होतं. खोल्या आठ. त्यांतल्या दोन संचालकांच्या पाहुण्यांसाठी, एक त्या पाहुण्यांचे पाहुणे आले तर म्हणून, एकीत जनरेटरचे सुटे भाग, आणि एकीत ऑडिटवाले राहून गेल्यापासून कुणी पाऊल टाकायला धजत नव्हतं. उरल्या तीन. जून महिन्यात मलिहाबादचा दशहरी आंबा उतरू लागला, की देशभरातल्या शास्त्रज्ञांना लखनौमध्ये तातडीचं संशोधन निघे. त्यांना या तीन खोल्यांपासून लांब ठेवण्याचं काम व्यवस्थापक रिझवी साहेब करत, आणि असं करत की नकार मिळालेले लोक त्यांना दिवाळीला शुभेच्छा पाठवत.

२००८ साली दिल्लीहून परिपत्रक आलं, की कार्यालयातली सर्व कामं यापुढे लिनक्स या संगणकप्रणालीवर व्हावीत. कारण ते फुकट असतं, आणि फुकट वस्तूच्या खरेदीत घोटाळा करता येत नाही. (खरेदी विभागाने पुढे हा समज दूर केला.) त्यानुसार अतिथिगृहाचंही संगणकीकरण ठरलं, आणि ते संगणक कक्षातले तांत्रिक अधिकारी नंदकुमार रामटेके यांच्याकडे आलं.

रामटेके मूळचे भंडाऱ्याचे. नागपूरच्या पॉलिटेक्निकमध्ये ते असेंब्ली शिकले होते आणि त्यानंतर वीस वर्षं त्याबद्दल त्यांना कुणी चकार शब्द विचारला नव्हता. असेंब्ली म्हणजे मशीनशी मध्यस्थ न घालता बोलणं. तिथे 'खोली आहे का ते पाहा' असं म्हणून चालत नाही. कोणत्या खणातला आकडा उचलायचा, कोणत्या खणात ठेवायचा, कशाशी ताडून पाहायचा, हे एकेक करून सांगावं लागतं. पडद्यावर एक अक्षर उमटवायचं तरी लिनक्सच्या कर्नलकडे, म्हणजे तिच्या गाभ्याकडे, रीतसर मागणी करायची: मागणीचा क्रमांक पहिल्या खणात, तपशील पुढच्या खणांत, आणि मग दार वाजवायचं. एक खण चुकला तर उत्तर नाही, कारणही नाही. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला ही पद्धत घरच्यासारखी वाटते.

अतिथिगृहाच्या वाट्याला संचालकांचा जुना लॅपटॉप आला होता. त्यावर रामटेक्यांचा प्रोग्रॅम असा धावला, की कळीवरून बोट उचलायच्या आत उत्तर. एवढ्यात त्याने आठही खोल्या तपासलेल्या असत, सुट्या भागांची सुद्धा. रामटेक्यांनी तो घरी बायकोला, सुलभाला, दाखवला. तिने विचारलं, सुरू कधी होणार. तो होऊन संपला होता.

पंधरा दिवसांत तक्रारींचा ढीग लागला. जागा मिळाली नाही असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. बघितलंच नाही, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी तर संस्थेशी तीस वर्षांचा संबंध तोडला. रिझवी साहेब स्वतः चालत संगणक कक्षात आले.

"रामटेके साहब, बात ना की नहीं है। ना तो हम भी बरसों से करते आए हैं। मगर किसी के मुँह पर नहीं मारी।"

लगेच त्रिसदस्यीय उपसमिती नेमली गेली. तिने नकाराचा कालावधी दर्जानुसार निश्चित केला. कर्मचाऱ्यांचे नातेवाईक: थोडा. बाहेरचे शास्त्रज्ञ: मध्यम. निवृत्त शास्त्रज्ञ: भरपूर (त्यांना घाई नसते, आणि उत्तर मिळाल्यावर जायलाही कुठे नसतं). मंत्रालय: लागू नाही, तिथे नकार हा प्रकारच नाही.

रामटेक्यांनी आधी सरळ मार्ग धरला. तेवढा वेळ झोपू द्यावं, मग उठवावं, अशी मागणी कर्नलकडे करता येते. त्यांनी ती केली. मशीन शांत झोपे आणि वेळेवर उठून नाही म्हणे. हेही लोकांना रुचलं नाही. पडदा निश्चल बघून पाहुणे रिझवी साहेबांकडे बघत आणि रिझवी साहेब छताकडे. त्यांनी लेखी कळवलं, की सरकारी मशीन पाहुण्यांदेखत झोपा काढते आणि हे बरं दिसत नाही.

तेव्हा रामटेक्यांनी दुसरा मार्ग काढला. एका खणात भलामोठा आकडा ठेवायचा. त्यातून एक वजा करायचा. शून्य झालं का बघायचं. नसेल तर पुन्हा एक वजा. (याला लूप म्हणतात.) आकडा कुणाचाच नाही, वजाबाकी कशासाठीच नाही. पण मशीन त्यात तापे, तिचा पंखा घरघरू लागे, आणि लखनौच्या जूनमध्ये तो आवाज व्हरांड्यापर्यंत जाई. पाहुणे मान पुढे काढून थांबत. कानपूरची एक बाई हळहळून म्हणाली, "रहने दीजिए भैया, बेचारी कितनी कोशिश कर रही है।" तक्रारी बंद झाल्या. खोली न मिळालेल्या एका गृहस्थांनी आभार म्हणून दशहरीची पेटी पाठवली.

हे सगळं ठीक होतं, पण रामटेक्यांना बढती हवी होती. दोनदा ती हुकली होती, नियमाप्रमाणे तिसरी संधी शेवटची. या वेळी गेली तर आहे त्याच खुर्चीवरून निवृत्ती. २०१२ च्या उन्हाळ्यात दिल्लीची निवड समिती येणार होती. मुलाखतीत प्रोग्रॅमचा वेग दाखवायचा असं रामटेक्यांनी ठरवलं. सुलभा म्हणाली, त्यापेक्षा पंख्याचं सांगा.

"त्यात काय सांगू? त्या वेळात मशीन काहीच करत नाही."

"मग? तुमचे साहेब कशावर चढले वरती?"

मुलाखतीच्या आठवड्यातच संस्थेत नवे संगणक आले, आणि खरेदी विभागाने आयुष्यात पहिल्यांदा चपळाई दाखवून अतिथिगृहातलं यंत्र त्याच दिवशी बदललं. प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलून तिकडे ठेवला. आकडा तोच, वजाबाकी तीच. फक्त नवी मशीन ती कितीतरी पट वेगानं करत होती, आणि घामही न गाळता. आदल्या संध्याकाळी समितीचे अध्यक्ष आले. त्यांची खोली राखीव होतीच. साडू सोबत होते, त्यांच्यासाठी आणखी एक हवी होती. रिझवी साहेबांनी कळ दाबली आणि पाणी विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात पडद्यावर 'नाही' आलं. साडूंनी बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती.

सकाळी अध्यक्षांनी रामटेक्यांना एकच प्रश्न विचारला. "कल आपकी मशीन ने हमारे लिए देखा तक नहीं। ऐसा क्यों कि..."

रामटेक्यांना उत्तर पाठ होतं. प्रश्न पुरता व्हायच्या आत त्यांनी ते दिलं: मशीनने बघितलं होतं, पूर्ण बघितलं होतं, पूर्वी जो वेळ लागायचा तो बघण्यात जात नव्हता, तो नुसता जात होता. उत्तर बिनचूक होतं. समितीतले तिघं एकमेकांकडे बघू लागले. अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं आणि निर्णय यथावकाश कळवू म्हणाले.

रामटेके पडलेल्या चेहऱ्यानं घरी आले. पण आठवडा गेला, महिना गेला, नकार आला नाही. त्यांना हुशारी वाटू लागली. दिल्लीला फोन केला तर पलीकडून सांगत, विचार चल रहा है। एकदा फाईल वर गेल्याचं कळलं, एकदा शेरा मारून खाली आल्याचं, मग पुन्हा वर. रामटेके प्रत्येक बातमी जेवताना सांगत. सुलभा पोळी वाढता वाढता ऐकून घेई. मुलगी प्राची इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, तिला मराठी कळायची, उत्तर हिंदीत यायचं.

"पापा, वो लोग लूप चला रहे हैं। बस।"

रामटेके मुलीवर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. तिथे जबाबदार माणसं बसली आहेत, म्हणाले, एकेक कागद बघावा लागतो, कळ दाबली आणि झालं असं नसतं ते. प्राचीनं आईकडे बघितलं. आईनं वरणाचं भांडं पुढे सरकवलं.

वर्ष उलटून गेल्यावर उत्तर आलं. समितीने सर्व बाबींचा सखोल विचार केला होता आणि बढती नाकारली होती. रामटेक्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि सुलभाला म्हणाले, "जाऊ दे. पण बघितलं हं त्यांनी. मन लावून बघितलं."

त्या संध्याकाळी ते बऱ्याच दिवसांनी सगळ्यांना घेऊन गोमती नगरला कुल्फी खायला गेले.

ज्या वाचकांना रामटेक्यांचं हसू आलं, त्यांनी स्वतःचा एखादा अर्ज आठवावा. कुठे ना कुठे एक पडलेला असतोच: बदलीचा, घराचा, मुलासाठी चौकशी केलेल्या स्थळाचा, नाहीतर डॉक्टरांनी करायला सांगितलेल्या तपासणीचा. त्याचं उत्तर उद्या सकाळी दहा वाजता मिळालं तर चालेल का, एवढंच मनाशी विचारावं. उत्तर द्यायची घाई करू नये.