तांबूस ड्रॅगन

दर शनिवारी दुपारी दंतवैद्यांच्या जेवणाच्या टेबलावर चार सुशिक्षित, प्रौढ माणसं फासे टाकून राक्षस मारत असत. खेळ दंतवैद्य चालवत, कारण टेबल त्यांचं होतं. वकील शूर सरदार होत, विमा अधिकारी मांत्रिक आणि दंतवैद्यांच्या वहिनी मेंढपाळीण. एरवी वहिनी जनावरांच्या डॉक्टर.

वहिनींच्या हातून एक गैरप्रकार घडला. त्यांनी नियमांचं पुस्तक वाचलं. त्यामुळे पांढरा ड्रॅगन दिसताच त्या ओरडल्या, "शेकोटी पेटवा! हा गारठवून मारतो." सगळे वाचले; पण ते कोणाला पचलं नाही.

"हरकत!" वकील म्हणाले. "हे वहिनींना माहीत. मेंढपाळिणीला कसं माहीत?"

"पात्राला जे ठाऊक नाही, ते खेळाडूनेही ठाऊक ठेवू नये," दंतवैद्यांनी निकाल दिला. "राग मानू नका, वहिनी. नियम सगळ्यांना सारखा."

सगळ्यांना म्हणजे, पुस्तक वाचलेल्या सगळ्यांना.

पुढच्या शनिवारी विषारी हिरवा ड्रॅगन आला. वहिनींनी चकार शब्द काढला नाही, फक्त नाकाला रुमाल लावला. विमा अधिकाऱ्यांनी ती खूण पकडली. मग रुमाल, खोकला आणि उंचावलेली भुवई हेही ज्ञानच ठरलं. ड्रॅगन येताच वहिनींनी भिंतीकडे तोंड करून बसावं, असं एकमताने ठरलं. वहिनींचं मत विचारलं नव्हतं. त्यांच्या मनाला लागलं, पण त्या बसल्या.

मग एकदा गुहेतून तांबूस ड्रॅगन निघाला.

"तांबूस म्हणजे तांबडा की तांब्याचा?" वकिलांना घाम फुटला. तीन वर्षं जोपासलेला सरदार पणाला लागला होता. "एक जाळतो आणि एकाला विनोद आवडतात, एवढंच आठवतंय. वहिनी, सांगा ना!"

"मी मेंढपाळीण," वहिनी भिंतीला म्हणाल्या. "ड्रॅगन म्हणजे काय हो, भावजी?"

नाइलाजाने सरदाराने विनोद सांगितला. विनोद बरा होता. ड्रॅगन तांबडा होता.

सरदार आणि मांत्रिक यांची राख झाल्यावर रीतसर चौकशी झाली. माहिती दडवल्याबद्दल वहिनी दोषी ठरल्या.

"आणि सांगितली असती तर?" वहिनींनी विचारलं.

"तर सांगितल्याबद्दल," दंतवैद्य म्हणाले.

वहिनी खळखळून हसल्या, फासे पर्समध्ये टाकले आणि टेबलावर जिवंत उरलेलं एकुलतं एक पात्र घेऊन घरी गेल्या.

त्यांची जागा अजून रिकामी आहे. तुम्ही जरूर या. फक्त आपल्याला काहीच ठाऊक नाही, असं पटेलसं दाखवता आलं पाहिजे. ऑफिसात रोज दाखवता, तसंच.