डावीकडे न वळणारे काका

आमचे श्रीधरकाका गाडी डावीकडे वळवत नाहीत.

वळवता येत नाही असं नाही हं, वळवत नाहीत. इथे अमेरिकेत, अल्फारेटा गावात, आमच्या गल्लीतून इंडियन ग्रोसरीला जायला एकच लेफ्ट टर्न लागतो. काका तोच प्रवास नुसते राइट घेत घेत करतात. उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, मग चर्चला अख्खी प्रदक्षिणा, पुन्हा उजवीकडे, की आलं दुकान. पहिल्यांदा त्यांच्या गाडीत बसलो तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचा रस्ता चुकला. नंतर वाटलं, डोकं फिरलंय. शेवटी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "निखिल, उजवं ते उजवं. वाट लांबली तरी चालेल."

"उजवं ते उजवं" हे काकांचं ब्रह्मवाक्य. घरात शिरताना उजवं पाऊल, शर्टाची उजवी बाही आधी, दुकानदाराला कार्डसुद्धा उजव्याच हाताने. अमेरिका त्यांना पटली ती हा देश रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतो म्हणून! "इंग्रजांनी आपल्याला डाव्या अंगाला घातलं आणि तिथेच सगळा घोळ झाला," हे ते इतक्या गंभीरपणे सांगतात की हसायची सोय नाही. मी एकदा म्हटलं, "पण काका, इथे स्टीअरिंग डावीकडे असतं त्याचं काय?" त्यावर शैलाकाकूंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि पुढ्यात चिवडा सरकवला.

बाकी माणूस म्हणजे गाय हो! अंडं घातलेला केकसुद्धा चालत नाही. घरात कोळी निघाला तर त्याला पेल्याखाली धरून, कागद सरकवून, "जा बाबा, तुझ्या घरी जा" असं म्हणत अंगणात सोडून येतात. तर अशा या माणसाचा ऑक्टोबरात एका शनिवारी मला फोन आला.

"उद्या मोकळा आहेस का? मला बंदूक घ्यायचीय."

मी हातातला चहा सांडला. "कसली बंदूक, काका?"

"शिकारीची. रायफल. तुझी गाडी काढ, माझ्या गाडीने हायवेवरून बाहेर पडलं की डावीकडे वळावं लागतं."

फोन ठेवला. बायकोला, मेघाला सांगितलं. "जावयाला उडवणार!" ती म्हणाली. आणि खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं होतं.

घाबरायला कारणही तसंच होतं. काकांची एकुलती एक मुलगी गार्गी. तिने मागच्या वर्षी गणपतीत टायलरला पहिल्यांदा घरी आणलं. हा टायलर इकडे वर डोंगरातल्या छोट्या गावात गुरांचा डॉक्टर आहे. दिसायला हा एवढा धिप्पाड, आणि बोलणं म्हणाल तर लाजऱ्या मुलासारखं. आरती झाली, काका प्रसादाची वाटी घेऊन फिरायला लागले आणि टायलरने हात पुढे केला. डावा!

काका थबकले. "उजवा हात," ते म्हणाले. टायलरला मराठी कुठलं कळायला! त्याला वाटलं, हात नीट पुढे आला नाही. त्याने तो आणखी लांब केला. काकांनी सगळ्यांदेखत वाटी मागे घेतली आणि देवासमोर ठेवून दिली. आम्ही पंचवीस-तीस माणसं होतो, पण फ्रिजचा आवाज ऐकू येत होता.

"बाबा, ही इज लेफ्टी," गार्गी म्हणाली. "त्याच हाताने तो वासरं जन्माला आणतो. इट्स हिज हँड!"

"माझ्या घरात नाही," काका म्हणाले.

गार्गीने टायलरचा तोच हात धरला आणि दोघं तसेच उपाशी निघून गेले. पुढे उन्हाळ्यात त्यांनी कोर्टात लग्न केलं. काका तिथे आले, फोटोत सगळ्यांच्या उजव्या टोकाला उभे राहिले आणि एक अक्षर न बोलता परत आले. तेव्हापासून गार्गीने घरात पाऊल टाकलेलं नाही. काकू कपडे धुवायच्या खोलीत ड्रायर लावून चोरून तिच्याशी फोनवर बोलतात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

आता मला सांगा, असा माणूस रायफल घ्यायला निघाला तर आपण काय समजायचं? मेघा म्हणाली, "तू जाच बरोबर. निदान गोळ्या तरी घेऊ देऊ नकोस."

रविवारी गेलो. बंदुकांचं दुकान म्हणजे मला वाटलं होतं एखादी अंधारी खोली असेल. अहो, केवढं तरी मोठं! दारातच पेंढा भरलेलं अस्वल दोन पायांवर उभं, भिंतींवर हरणांची मुंडकी. काका एका मुंडक्यासमोर थांबले, नजर खाली घातली आणि "सॉरी हं" असं पुटपुटून पुढे गेले. काउंटरवर डेल नावाचा दाढीवाला गृहस्थ होता. त्याने विचारलं, काय हवंय?

काका उजवं ते उजवंवाले! मी मनात म्हटलं, आता उजव्या खांद्याची, उजव्या डोळ्याची बंदूक मागणार. काका ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "डिअर हंटिंग रायफल. लेफ्ट हँडेड. विथ वूड."

मी त्यांची बाही ओढली.

"काका," मी मराठीत म्हटलं, "तुम्ही लेफ्ट म्हणालात."

"मला इंग्रजी येतं," काका म्हणाले.

डेलने एक काळी कुळकुळीत रायफल आणली. डावखुऱ्यांचीच होती, पण खांद्याला लावायचा दस्ता प्लास्टिकचा. पावसात फुगत नाही, हलकी आहे, सगळे हीच नेतात, वगैरे त्याने सांगितलं. काकांनी तिला बोटसुद्धा लावलं नाही. "प्लास्टिक? दिवाळसणाला जावयाच्या हातात प्लास्टिक ठेवू?"

"कोणाच्या?" मी ओरडलोच. अस्वलाजवळचं एक जोडपं वळून बघायला लागलं.

"पहिली दिवाळी आहे. जावयाला काही द्यायला नको? अंगठी तो घालत नाही, गाई तपासताना अडचण होते म्हणे. मग काय देऊ?" काका डेलकडे वळले. "फॉर माय सन-इन-लॉ. फर्स्ट दिवाळी." डेलला दिवाळी कळली नसणार, पण सन-इन-लॉ कळला. त्याने आत जाऊन लाकडी दस्त्याच्या दोन रायफली आणल्या. डावखुऱ्यांसाठी लाकडात एवढंच आहे, म्हणाला.

मग जे सुरू झालं ते आमच्या बायका पैठणी निवडतात तसं. काकांच्या वडिलांची चिपळूणला लाकडाची वखार होती. काकांनी दस्त्याचा वास घेतला, बोटाच्या पेराने वाजवून बघितलं, डोळ्याजवळ धरून रेषा कुठून कुठे जातात ते पाहिलं. चकचकीत होती ती नाकारली. "पकडायच्या जागीच गाठ आहे. वरून पॉलिश मारून लपवलंय." दुसरी साधी होती, अक्रोडाच्या लाकडाची, तपकिरी. तिच्यावरून त्यांनी तळवा फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही जिवंत आहे."

डेल म्हणाला, खांद्याला लावून बघा. काकांनी ती उचलली. आणि लावली ती डाव्या खांद्याला, कोणी न सांगता. डाव्या हाताने काडतूस भरायची वरची खिट्टी उचलली, मागे ओढली, पुढे ढकलली, खट्‌कन बसवली. अहो, ज्या हाताने हा माणूस लिफ्टचं बटण दाबत नाही तो हात लोण्यासारखा चालला!

"यू आर अ लेफ्टी, सर," डेल कौतुकाने म्हणाला.

काकांनी रायफल हळूच काउंटरवर ठेवली. "नो," ते म्हणाले. मग दस्त्यावरून बोट फिरवत म्हणाले, "आय वॉज."

कागदपत्रं झाली, तपासणी झाली, खोका डिकीत आला. गोळ्या घेतल्या नाहीत, हे मी मेघाला लगेच मेसेज करून टाकलं. गाडीत काकांनी पट्टा लावला. मग आपणहून बोलायला लागले.

"शाळेत जायला लागलो तेव्हा मास्तरांनी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं, पोरगं डावरं आहे. झालं! अण्णा जेवायला बसताना माझा डावा हात पाठीमागे सुतळीने बांधायचे. उजव्याने घास सांडायचा, मग उपाशी उठायचो. आई भरवायला आली तर तिलाही मनाई. हळूहळू उजवा शिकला. डावा गप्प झाला."

मी विचारलं, "काकूंना माहीत आहे?"

"तिला माहीत नसेल? झोपेत मी डाव्या हाताने पांघरूण ओढतो म्हणते." ते जरासे हसले. "त्या पोराने हात पुढे केला ना, तेव्हा मी नाही रे बोललो. माझ्या तोंडून अण्णा बोलले. आणि माझी पोर घरातून गेली."

मी गाडीचा वेग कमी केला.

"तो आजोबांची बंदूक वापरतो," काका पुढे म्हणाले. "उजव्या हाताची. खिट्टी भलत्या बाजूला, रिकामं काडतूस दर वेळी नाकासमोरून उडतं. शैला गार्गीशी बोलते ते ड्रायरमुळे मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं. म्हटलं, याला तरी त्याच्या हाताची वस्तू मिळू दे. हरणं काय मारायची ती तिकडे मार म्हणावं, मला सांगू नकोस."

आमच्या गल्लीचा सिग्नल आला. काका शेजारी बसलेले, म्हणून मी उजवा इंडिकेटर लावला, चर्चच्या प्रदक्षिणेसाठी.

"डावीकडे घे," काका म्हणाले. मी इतका दचकलो की मागच्याने हॉर्न मारला.

आता प्रश्न होता, गार्गी येणार का? काकूंनी पाडव्याचं आमंत्रण दिलं तर ती नुसतं "बघू" म्हणाली. पाडव्याच्या संध्याकाळी काका खिडकीशी जे उभे राहिले ते उभेच. मी आणि मेघा फराळाच्या निमित्ताने तिथेच. काकूंनी चार वेळा वाती सारख्या केल्या. अंधार पडायला लागला तेव्हा कुठे एक पिकअप ट्रक येऊन थांबला.

टायलर दारात आला, थांबला, खाली बघितलं आणि मोजूनमापून उजवं पाऊल आत टाकलं. गार्गी त्याच्या मागे. अंगातलं जाकीट काढलं नाही, हातात ट्रकची किल्ली तशीच. म्हणजे एक शब्द वाकडा आला की ती निघाली!

काकूंनी टायलरला पाटावर बसवून ओवाळलं. काकांनी खोका त्याच्यासमोर ठेवला. काकूंनी दस्त्याला आधीच हळदकुंकू लावून ठेवलेलं. टायलरने झाकण उघडलं, रायफल उचलली आणि त्याचा डावा हात आपोआप खिट्टीवर गेला. तिथेच तो थांबला. काकांकडे बघितलं, खिट्टीकडे बघितलं, पुन्हा काकांकडे.

"इट्स अ लेफ्ट हँड," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

काका प्रसादाचे पेढे घेऊन आले. टायलरने रायफल खाली ठेवली आणि हात पुढे केला. उजवा! बिचाऱ्याने घरी सराव केला असणार, बोटं नीट जुळवून, तळव्याचा द्रोण करून.

"तो नाही," काका म्हणाले. "द अदर वन."

टायलर गोंधळला, गार्गीकडे बघायला लागला. काकांनी स्वतःच त्याचा डावा हात धरून पुढे ओढला आणि त्यावर पेढा ठेवला. मग ताटली काकूंकडे दिली आणि आपलाही डावा हात पुढे केला. काकूंनी ताटली सावरली. मग त्यांनी पेढा ठेवला.

"बाबा?" गार्गी म्हणाली. "तुम्ही पण?"

"जन्मापासून गं," काका म्हणाले, आणि डाव्या हाताने पेढा खाल्ला.

गार्गी कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत होती. मग तिने किल्ली टीपॉयवर ठेवली, जाकीट काढून खुर्चीवर टाकलं आणि डोळे पुसत स्वयंपाकघराकडे निघाली.

"आई," ती म्हणाली, "पानं घेऊ या, भूक लागलीय."