मेजरचा पहारा

"ऊठ तिथून, मेल्या! ऊठ म्हणते ना!"

फेलिशियाबाईंनी खराट्याचा दांडा टेबलाखाली घातला. आतून जात्यासारखी घरघर झाली. दांडा बाहेर आला तेव्हा त्याच्या टोकाला दातांच्या ताज्या खुणा होत्या. टेबलावर जमिनीपर्यंत लोळणारी पांढरी चादर, तिच्यावर मेणबत्त्या, झेंडूचा हार आणि मधोमध मरियामातेची मूर्ती. घड्याळात पावणेसहा.

ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना. पापडी गावातल्या त्या आळीत मूर्ती रोज संध्याकाळी एका घरातून पुढच्या घरी जाई. वेळ साडेसहाची. कुणाकडून कुणाकडे, ती यादी चौतीस वर्षं फेलिशियाबाईच करत. गेल्या वर्षी शेजारच्या कार्मिनकडून मूर्ती निघायला आठ मिनिटं उशीर झाला, तेव्हा बाईंनी तिला भर आळीत ऐकवलं होतं. आज मूर्ती त्याच कार्मिनकडे जायची होती आणि तिच्याखाली हा राक्षस बसला होता.

राक्षस ऑस्टिनचा, म्हणजे त्यांच्या बोळिंजला राहणाऱ्या लेकाचा. तो आणि सून ज्युली केरळात लग्नाला गेले आणि पाच दिवसांसाठी आपल्या कुत्र्याला, मेजरला, इथे सोडून गेले.

"मम्मी, फार प्रेमळ आहे तो," ऑस्टिन म्हणाला होता. "फक्त त्याच्या वस्तूंना हात लावायचा नाही."

"त्याच्या वस्तू कुठल्या?"

"ते तो ठरवतो."

तीन दिवसांत त्याने बरंच काही ठरवलं होतं. रबरी चेंडू त्याचा होताच. मग पायपुसणं त्याचं झालं, बाईंची डावी चप्पल त्याची झाली, आणि काल सकाळी न वाचलेलं वर्तमानपत्रही. बाईंच्या माहेरी, सांडोरला, काळू नावाचा कुत्रा होता. त्याच्या ताटलीत कोंबड्या जेवायच्या आणि तो बाजूला बसून बघायचा. पप्पा त्याच्या जबड्यात हात घालून अडकलेला काटा काढायचे. "तेव्हाची कुत्री घर राखायची," बाई भिंतीला म्हणाल्या. "आताची घरच्यांपासून ताट राखतात!"

आज दुपारी मेजरने त्यांची जपमाळच उचलली. आईची, शिंपल्याच्या मण्यांची. बाईंनी ऑस्टिनला फोन लावला.

"ओढू नकोस, मम्मी. डील कर त्याच्याशी. त्याहून भारी काहीतरी दे, तो सोडेल."

त्याहून भारी असं घरात एकच होतं, आणि ते घरात असायला नको होतं. मूर्ती आळीत फिरतेय तोवर, अख्खा ऑक्टोबर, एकाही घरात मटण-मासळी खायची नाही, हा नियम या वर्षी फेलिशियाबाईंनीच केला होता. कारण गेल्या वर्षी कार्मिनकडे जपमाळ चालू असताना स्वयंपाकघरातून बोंबील तळल्याचा वास आला होता. "मरियामातेसमोर बोंबील?" असं बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. कार्मिन लालेलाल झाली होती.

आणि काल भाऊ स्टॅनीने डुकराच्या मटणाचा डबा पाठवला. बाईंनी तो फ्रिजमध्ये पार मागे ढकलला. आज केवळ कुत्र्यासाठी उघडला. वास आला. एक फोड चाखली, मग चार, मग पाव शोधला. उरलेलं हाड मेजरला दिलं. त्याने जपमाळ सोडली, हाड तोंडात धरलं आणि घरातली सगळ्यात सुरक्षित जागा शोधून काढली.

सव्वासहाला माणसं जमू लागली. कार्मिनचा नवरा गॉडफ्रे मूर्ती न्यायला कोटबिट घालून आला होता. त्याने हात पुढे केला. चादर हलली, गुरगुर झाली, गॉडफ्रे दोन पावलं मागे आला.

"मावशी, काय आहे खाली?"

"कुत्रा," बाई म्हणाल्या.

"कशाला बसलाय?"

इथे खरं सांगून टाकायला हवं होतं. पण तेवढ्यात पलीकडच्या घरातली प्रिन्सी पुढे झाली. "अय्या, आंटी! मूर्तीला सोडायलाच तयार नाही तो! किती क्यूट!"

"भक्ती आहे, बाय," ज्युलियसकाका म्हणाले. जपमाळेनंतरची लितानी, म्हणजे मरियामातेच्या नावांची प्रार्थना, म्हणायला ते सगळ्यात पुढे असत. "मुक्या जनावराला कळतं. माणसाला कळत नाही."

"काही भक्ती नाही," बाई दात आवळून म्हणाल्या. "हट्टी आहे मेला."

"असं नका बोलू, मावशी. बघा, डोळ्यांत पाणी आहे त्याच्या," गॉडफ्रे फटीतून डोकावत म्हणाला.

प्रिन्सीने चादरीच्या फटीतून व्हिडिओ काढला आणि आळीच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत ओटा भरला, दहा मिनिटांत अंगण. मागच्या आळीतली माणसंही आली. एक म्हातारी चादरीसमोर गुडघ्यावर बसली. आतून कडाकडा चावल्याचा आवाज आला.

"दात वाजतायत त्याचे," म्हातारी गहिवरून म्हणाली. "थंडी भरली असेल."

बाईंची कानशिलं तापली. पावणेसात झाले होते. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मूर्ती त्यांच्या घरात अडकली होती. आणि कार्मिन दारात हाताची घडी घालून उभी होती.

"राहू दे, मावशी," ती गोड आवाजात म्हणाली. "पंधराच मिनिटं उशीर झालाय. आपण कुठं घड्याळ लावून भक्ती करतो?"

"मला वाटतं, फादरना बोलवावं," ज्युलियसकाका म्हणाले. "त्यांनी स्वतः चादर वर करून बघावं." ते ओट्यावरच्या एका पोराकडे वळले. "जॉयल, बाबा, फोन लाव."

फादर. चादर वर करून.

"हाड आहे!" फेलिशियाबाई कडाडल्या. "हाड आहे खाली! डुकराचं! मटण मी खाल्लं आणि हाड त्याला दिलं! कसली डोंबलाची भक्ती? उठा सगळे!"

म्हातारी घाईघाईने उठली. बाई आता वीज पडायची वाट बघत उभ्या राहिल्या.

"आंटी," प्रिन्सी हळूच म्हणाली, "आम्हीपण रविवारी बाहेरून चिकन मागवलं. पण घरात नाही खाल्लं. गच्चीवर."

"माझं तर औषध आहे," ज्युलियसकाका घसा खाकरत म्हणाले. "सुकटीची चटणी. थोडीशी. रोज."

मग धीर आला तसे सगळेच बोलू लागले. कुणी अंडं मोजत नव्हतं, कुणी कोळंबी लोणच्यात धरत होतं, जॉयल 'प्रोटीन' घेत होता. अंगणात हसणं पसरलं. तेवढ्यात गॉडफ्रेही खुलला. "मी काय, ऑफिसजवळ रोज सुरमई थाळी—"

त्याने जीभ चावली.

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. कार्मिन हसत नव्हती.

"एकोणीस दिवस," ती म्हणाली. "एकोणीस दिवस मी दुधी खातेय. दुधी, पडवळ, दुधी, दोडकी. मला आळीसमोर लाजवलं म्हणून मी ठरवलं, या वर्षी मावशींना बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. या माणसाला डब्यात दुधी दिला. तो डबा कुठं जायचा रे?"

"शिपायाला आवडतो दुधी," गॉडफ्रे पुटपुटला.

कार्मिन सरळ आत आली. टेबलाशी वाकली, चादर वर केली आणि हात आत घातला. मेजरने दात दाखवले. मग त्याने कार्मिनचा चेहरा पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तोंड उघडून आपली वस्तू आपणहून सोडली, आणि पोटावर सरपटत तो फेलिशियाबाईंच्या मागे जाऊन लपला. बाईंनाही कुणाच्या तरी मागे लपायचं होतं, पण मागे भिंतच होती.

कार्मिनने हाड खिडकीबाहेर भिरकावलं, नळावर हात धुतले, पदराला पुसले आणि मूर्ती अलगद उचलली. माणसं निमूटपणे रांगेत लागली. ज्युलियसकाकांनी 'नमो मरिया' सुरू केलं, पण फार खालच्या पट्टीत.

उंबऱ्यापाशी कार्मिन थांबली.

"मावशी."

"बोल गं, बाय," फेलिशियाबाई म्हणाल्या. इतक्या मऊ आवाजात त्या कार्मिनशी कधी बोलल्या नव्हत्या.

"डब्यात उरलंय काही?"

"चार फोडी असतील. आणि रस्सा."

"गरम करायला ठेवा," कार्मिन म्हणाली. "शेवटचा आमेन झाला की मी येते. एकटीच."